६६ दिवसांचा आकडा आणि आत्याची जट

दिवाळीच्या सुट्टीत वाशीमला होते, तेव्हा पाटणी चौकाजवळच्या एका अभ्यासिकेत ‘पेट’ची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी गप्पा मारायला गेले होते. तिथे एका मुलीच्या टेबलासमोर भिंतीवर चौकटींचा कागद चिकटवलेला होता. वर मोठ्या अक्षरात ‘६६ दिवस, खाडा नाही’, आणि खाली यादी: पहाटे उठणे, चालणे, तीन लिटर पाणी, रात्री अकराला झोप, आठवड्यातून दोनदा केसांना तेल. एकोणीस चौकटींत बरोबरची खूण होती. विसाव्यात फुली, आणि त्यापुढे सगळं कोरं.

मी विचारलं, बंद का केलंस? ती म्हणाली, “ताई, मधेच खाडा झाला. आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल ना? रिसर्चनं सिद्ध झालंय की सलग ६६ दिवस लागतात. माझ्यातच काहीतरी कमी आहे.”

पेपर वाचलायस का, असं विचारल्यावर ती हसली. रील पाहिलं होतं.

तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे, कारण ज्या पेपरमधून तो ६६ आकडा निघाला तो पेपर त्या कागदावर लिहिलं होतं तसं काहीच म्हणत नाही. उलट त्यातला सगळ्यात उपयोगी निष्कर्ष नेमका खाड्याबद्दलच आहे, आणि तो त्या मुलीच्या बाजूचा आहे. पण पेपर निर्दोष आहे असंही नाही. त्याच्यावर माझे काही गंभीर आक्षेप आहेत, आणि त्यातला शेवटचा आक्षेप मला माझ्या आत्याच्या डोक्यावरच्या जटेमुळे सुचला. तिथपर्यंत येऊच.

आधी २१ दिवसांचं सांगते, कारण ६६ च्या आधी तोच आकडा फिरत होता. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांचं ‘सायको-सायबरनेटिक्स’ हे पुस्तक १९६० साली आलं. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आपला नवा चेहरा ‘आपला’ वाटायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. यात सवयीचा प्रयोग नाही, नियंत्रित गट नाही, काही नाही. ‘कमीत कमी’ आणि ‘साधारण’ हे दोन शब्द पुढच्या लोकांनी गाळले आणि २१ दिवसांचा नियम तयार झाला. संशोधनात शब्द गाळण्याला किती किंमत पडते ते बघा.

६६ मात्र खऱ्या अभ्यासातून आला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’त २०१० साली तो प्रसिद्ध केला. ९६ जण स्वेच्छेने सामील झाले. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकच छोटी गोष्ट निवडायची, आणि ती रोज एकाच प्रसंगाला बांधून करायची: जेवणाबरोबर एक फळ, न्याहारीनंतर काहीतरी, असं. १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस. रोज नोंद करायची की केलं की नाही, आणि ती गोष्ट किती ‘आपोआप’ झाली, याच्या प्रश्नांना गुण द्यायचे.

मला हा अभ्यास आवडण्याचं कारण सांगते. माझा विषय रसायनशास्त्र. सोयाबीनच्या कुटारापासून केलेल्या कार्बनवर पाण्यातलं रंगद्रव्य किती आणि किती वेळात चिकटतं, हे मी मोजते. (हो, आमच्याकडे कुटाराला तोटा नाही. वाशीम जिल्ह्यात सोयाबीन निघालं की सगळीकडे तेच.) माझा रोजचा ग्राफ असा असतो: सुरुवातीला भराभर वर जातो, मग चढ कमी होत जातो आणि शेवटी सपाट होतो. लॅलींनी सवयीसाठी अगदी हाच वक्र वापरला. पहिल्या काही दिवसांत ‘आपोआपपणा’ झपाट्याने वाढतो, नंतरच्या प्रत्येक दिवसाची भर कमी कमी होते, आणि एका पातळीवर तो थांबतो. शिवाय त्यांनी सगळ्यांची सरासरी काढून एक वक्र काढला नाही. प्रत्येक माणसाचा वक्र वेगळा बसवला. हे फार शहाणपणाचं काम आहे. दहा माणसं वेगवेगळ्या दिवशी अचानक उडी मारत असतील, तरी त्यांची सरासरी काढली की गुळगुळीत चढ दिसतो, जो त्यांच्यापैकी एकाचाही नसतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये सरासरीचा ग्राफ टाकण्याआधी हे एकदा आठवा.

आता आक्षेप.

९६ पैकी पुरेशी माहिती दिली ८२ जणांनी. त्यांच्यातल्या ६२ जणांना तो वक्र बसला. आणि चांगला बसला तो फक्त ३९ जणांना. ६६ हा या गटातला मध्यक आहे, म्हणजे निम्मे लोक त्याच्या आधी आणि निम्मे नंतर. ९६ मधले ३९ म्हणजे साधारण ४१ टक्के. बाकीच्या ५७ जणांचं काय झालं? काहींनी नोंदीच अर्ध्यावर सोडल्या, काहींचा आलेख या वक्राला जुळलाच नाही. आणि पेपर स्वतःच सांगतो की ज्यांनी ती गोष्ट जास्त नियमितपणे केली त्यांच्या बाबतीत वक्र जास्त चांगला बसला. म्हणजे ६६ हा आकडा आधीच बऱ्यापैकी नियमित असलेल्या माणसांचा आहे. जिला नियमित राहता येत नाही म्हणून रडू येतंय, तिच्या भिंतीवर तो लावणं म्हणजे मॅरेथॉन पूर्ण केलेल्यांची सरासरी वेळ काढून ती पहिल्यांदा पळणाऱ्याच्या हातात देण्यासारखं आहे. लॅलींनी हे लपवलेलं नाही. सारांशातच लिहिलंय. लपवलं ते पुढच्या उतारेबहाद्दरांनी.

दुसरा मुद्दा मला जास्त खटकतो. पेपर म्हणतो की पातळीच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला १८ ते २५४ दिवस लागले. ‘लागले’ हा शब्द नीट बघा. अभ्यास चालला ८४ दिवस. मग २५४ कुठून आले? वक्र पुढे ओढून. कागदावर एक हिशोब करून बघा, तुम्हाला जमेल. या वक्रात ९५ टक्के गाठायला साधारण ‘३ भागिले गती’ इतका वेळ लागतो. २५४ दिवस लागणार असतील, तर गती दिवसाला सुमारे ०.०११८. सुरुवात शून्यापासून धरली, तर ८४ व्या दिवशी तो माणूस चढाच्या जेमतेम ६३ टक्क्यांवर असणार. उरलेला वक्र समीकरणाने काढलाय, माणसाने नाही. मी माझ्या ग्राफमध्ये ८४ मिनिटांत प्रयोग बंद करून ‘समतोल २५४ व्या मिनिटाला आला’ असं लिहिलं असतं, तर आमच्या गाईडांनी तो कागद माझ्यासमोर फाडला असता. (फाडला नसता. पण तीन दिवस बोलल्या नसत्या, जे जास्त वाईट.) अंदाज देणं गैर नाही, पण तो अंदाज म्हणूनच वाचला पाहिजे.

याच समीकरणातून एक चांगली गोष्टही निघते, जी मला कुठल्याच रीलमध्ये दिसली नाही. ६६ दिवसवाल्या माणसाचा अर्धा चढ किती दिवसांत होतो? सुमारे १५. म्हणजे त्या मुलीच्या एकोणीस खुणा वाया गेलेल्या नव्हत्या. ती मध्यकावरची असती, तर अर्ध्याहून जास्त वाट तिने चाललेली होती. आणि खाड्याचं म्हणाल, तर पेपर स्पष्ट सांगतो की एखादी संधी चुकली तर सवय घडण्यावर फारसा परिणाम होत नाही. पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. हा निष्कर्ष एका खाड्याबद्दल आहे, महिनाभराच्या सुट्टीबद्दल नाही, हेही लक्षात असू द्या.

तिसरा मुद्दा एककाचा. आपण विज्ञानवाले ना, एकक विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. सवय ‘दिवसां’त मोजायची की ‘वेळां’त? त्या अभ्यासात दोन्ही एकच होतं, कारण सगळ्या गोष्टी रोजच्या होत्या. पण केसांना तेल आठवड्यातून दोनदा लावायचं असेल तर? ६६ वेळा व्हायला ३३ आठवडे. न्हाणं आठवड्यातून एकदा असेल तर सव्वा वर्ष.

इथे एक गमतीचं उदाहरण घेऊ. परदेशात, विशेषतः आफ्रिकन वंशाच्या लोकांमध्ये, केसांच्या घट्ट वळलेल्या बटा राखतात, त्याला ‘लॉक्स’ म्हणतात. आपल्याकडेही पुण्या-मुंबईत, गोव्यात अशा बटा ठेवणारी मुलंमुली दिसतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं की हे म्हणजे केस विंचरायचा कंटाळा. प्रत्यक्षात त्या बटांना बरीच निगा लागते. टाळू नियमित धुवायची. धुतल्यावर बटा आतपर्यंत कोरड्या करायच्या, नाहीतर आत ओल राहून कुबट वास येतो, बुरशी धरते. दर चार-सहा आठवड्यांनी मुळाशी वाढलेला नवा केस पुन्हा वळून घ्यायचा. तोही फार घट्ट नाही, नाहीतर सततच्या ताणाने कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात. आता सांगा, चार-सहा आठवड्यांनी एकदा करायची गोष्ट ६६ वेळा व्हायला किती काळ? पाच ते साडेसात वर्षं. तोवर ती ‘सवय’ नाही असं म्हणायचं का? म्हणता येत नाही. अशी कामं सवयीपेक्षा कॅलेंडरवर, ठरलेल्या माणसावर, ठरलेल्या दिवसावर चालतात. घरातली रविवारची न्हाणी तशीच चालत आली. आईने पाट मांडला की तुम्ही बसता. त्यात तुमचा आपोआपपणा किती आणि आईचा किती?

आणखी एक अभ्यास इथे जोडून वाचा. २०२३ साली ‘पीएनएएस’मध्ये अनास्तासिया बुयाल्स्काया आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी कोणाला प्रश्नावली दिली नाही. ३० हजारांहून अधिक लोकांच्या जिममधल्या हजेरीच्या नोंदी आणि ३ हजारांहून अधिक दवाखाना-कर्मचाऱ्यांच्या हात धुण्याच्या नोंदी घेतल्या. हात धुण्याची सवय आठवड्यांत लागते, जिमची महिन्यांत. एकच जादूचा आकडा नाही. लॅलींच्या पेपरमध्येही व्यायामाला खाण्यापिण्यापेक्षा साधारण दीडपट वेळ लागलेला दिसतो, पण ते वाक्य कोणी भिंतीवर चिकटवत नाही.

मोजमापाबद्दल थोडक्यात: ‘हे किती आपोआप झालं?’ असं रोज विचारलं की माणूस त्या गोष्टीकडे रोज लक्ष देतो. मोजण्यानेच मोजायची वस्तू थोडी बदलते. यावर मी फार ताणणार नाही, हा दोष जवळजवळ सगळ्याच स्व-नोंदीच्या अभ्यासांत आहे.

आता चौथा आक्षेप. हा मला पेपर वाचून सुचला नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी अमरावतीला होस्टेलवर असताना माझं स्वतःकडे पूर्ण दुर्लक्ष झालं. उपकरण बिघडलेलं, फेलोशिपचा हप्ता अडकलेला, प्रगती अहवालाची तारीख डोक्यावर. पाच-सहा आठवडे मी केसांचा अंबाडा घालून क्लिप लावायचे, घाईत डोक्यावरून पाणी घ्यायचे आणि ओल्या केसांचा परत अंबाडा. फणी फिरवलीच नाही. एक दिवस मानेमागे हात गेला तर तळहाताएवढा घट्ट गुंता. बोटसुद्धा आत जाईना.

असं का होतं ते सांगते. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. आपले दिवसाला ५० ते १०० केस गळतात. विंचरलं की ते फणीत निघून येतात. विंचरलं नाही की ते बाकीच्या केसांत अडकून राहतात, घासले जातात, खवले एकमेकांत रुततात. लोकर गरम पाण्यात चोळून धुतली की आकसून घट्ट होते ना, तसंच. घाम, धूळ आणि साबणाचा अंश त्यात भर घालतात. दैवी असं यात काही नाही.

तो गुंता घेऊन मी मानोरा तालुक्यात आत्याकडे गेले. आत्याने माझं डोकं पाहिलं, हात मागे घेतला आणि हळू आवाजात विचारलं, “तुले बी आली का व बाई?”

तिच्या आवाजात भीती होती, आणि थोडा मानही होता. कारण आत्याच्या डोक्यावर तेव्हा चौदा वर्षांची जट होती. टायफॉइडने दोन महिने ती खाटेवर पडली होती, तेव्हा घरात तिचं डोकं विंचरायला कोणी नव्हतं. उठली तेव्हा गुंता झालेला. शेजारच्या बाईने सांगितलं, देवीचं हाय, त्याले हात नको लावू. त्यानंतर चौदा वर्षं कोणी लावला नाही. ती एका कुशीवर झोपायची. मान आखडलेली. उन्हाळ्यात आतून खाज सुटली की काडी खुपसायची. डोक्यावरून न्हायची भीती, कारण ती वाळायला दोन दिवस लागायचे.

मी होस्टेलवर परत आले. रूममेटने तीन संध्याकाळी खोबरेल तेल आणि कंडिशनर लावून, खालच्या टोकापासून एकेक बट मोकळी केली. तुमच्यावर वेळ आली तर हेच करा: मुळाकडून ओढायचं नाही, टोकाकडून वर जायचं. माझा गुंता आणि आत्याची जट यांत केसांच्या दृष्टीने फरक शून्य. फरक एवढाच की मला रूममेट होती, आणि माझ्या गुंत्याला कोणी नाव दिलं नव्हतं.

आपल्या भाषेत बघा. साधू जटा ‘वाढवतो’. बाईला जट ‘येते’. बटा कोणी हौसेने ‘राखतं’. तीन क्रियापदं. पहिल्या आणि तिसऱ्यात करणारा कोणीतरी आहे, मधल्यात कोणी नाही. आणि ज्यात करणारा नाही त्यात सोडवणाराही नसतो. लॅलींच्या अभ्यासातल्या प्रत्येक माणसाने आपली सवय स्वतः निवडली होती. ते ९६ जण आपल्या पोटाचे, आपल्या वेळेचे मालक होते. डोक्याला हात लावायची परवानगीच नसलेल्या बाईचा वक्र कुठून सुरू होणार? तिच्याबाबत प्रश्न ‘किती दिवस’ हा नाही. आधी ते डोकं तिचं व्हावं लागतं. हा आक्षेप मी पेपरच्या लेखकांवर घेत नाही, त्यांनी असा दावा केलेला नाही. घेते तो अशा पेपरांवरून ‘स्वतःची काळजी घ्या, ६६ दिवसांत जमेल’ असं सगळ्यांना सांगणाऱ्यांवर. नमुना कोणाचा होता ते न बघता निष्कर्ष भलत्यालाच लावणं ही चूक व्हायव्हामध्ये लगेच पकडली जाते. मग रोजच्या आयुष्यात का सोडायची?

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. पोलंडमध्ये कित्येक शतकं अशाच गुंत्याला ‘प्लिका पोलोनिका’ म्हणायचे. तो कापला तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो असं लोक मानत, म्हणून कापत नसत. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी त्याचा अभ्यास करून दाखवलं की हा रोग नाही, अस्वच्छता आणि दुर्लक्षाचा परिणाम आहे. नंतर ते क्राकूवचे नगराध्यक्षही झाले. आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम करतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतरही ते थांबलं नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी आजवर दोनशेहून अधिक बायकांच्या जटा काढल्या आहेत. त्या पूर्वी ब्यूटी पार्लर चालवायच्या, म्हणजे केसांतलं त्यांना कळतं. पण त्यांचा खरा वेळ कात्रीत जात नाही, त्याआधीच्या बोलण्यात जातो: बाईशी, नवऱ्याशी, सासूशी. ‘कापल्यावर काही झालं तर?’ या एकाच प्रश्नाशी पुन्हा पुन्हा. संमती मिळाल्याशिवाय कात्री नाही.

दुसऱ्या बाजूचंही वाचा, नाहीतर तुमचं वाचन एकांगी होईल. श्रीलंकन मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयेसेकेरे यांचं ‘मेडुसाज हेअर’ (१९८१) हे पुस्तक कतरगामा या तीर्थक्षेत्रातल्या जटाधारी स्त्री-पुरुष भक्तांवर आहे. त्यांचं म्हणणं असं की जटेचा अर्थ त्या त्या माणसाच्या आयुष्यातून, त्याच्या दुःखातून येतो, तो फक्त समाजाने ठरवलेला नसतो. मला हे पटलं, आणि आत्याच्या बाबतीत ते खरंही होतं. जट आल्यावर घरात तिला पहिल्यांदा मान मिळाला, नवरा हात उगारायचा थांबला. हे न ओळखता नुसती ‘केराटिन, खवले, गुंता’ ही माझी व्याख्या तिच्यासमोर मांडली असती, तर तिने मला चहा देऊन परत पाठवलं असतं. खरं म्हणजे पहिल्यांदा तसंच झालं. पण पुस्तकाबद्दल माझी तक्रारही आहे: अर्थाचा एवढा बारकाईने शोध घेताना मानेचं दुखणं, वास, झोप यांना त्यात फार कमी जागा मिळते. जट हे प्रतीक आहेच, पण डोक्यावरचं वजनही आहे.

आत्याची जट २०२२ च्या दिवाळीआधी निघाली. तिने स्वतः हो म्हटल्यावर, जिल्ह्यातल्या एका कार्यकर्तीने घरी येऊन काढली. मी तिथे होते. वीस मिनिटं लागली. आत्या कितीतरी वेळ डोक्याला हात लावत नव्हती. मग म्हणाली, “लय हलकं झालं. पण हे डोकं माह्यंच हाय ना?”

मला वाटलं झालं, आता रोज तेल-फणी सुरू होईल. मीच तिला चौकटींचा कागद करून दिला. हो, मीसुद्धा. ६६ चौकटींचा. तो कागद तिने पिठाच्या डब्याखाली ठेवला. पहिले चार महिने तिने स्वतः फणी हातात घेतली नाही. तिच्या सुनेने दर रविवारी तिला अंगणात बसवून तेल लावलं, रिठ्याने न्हाऊ घातलं. मी तेव्हा वैतागून सुनेला म्हणाले की अशाने तिला सवय कशी लागणार. सुनेने उत्तर दिलं नाही, तेल कोमट करायला आत गेली. आज मला वाटतं, त्या चार महिन्यांत जे घडत होतं ते मोजायला माझ्याकडे प्रश्नावली नव्हती, आणि मी चुकीच्या अक्षावर बघत होते. आडव्या अक्षावर दिवस होते. तिथे दुसऱ्याचा हात हवा होता.

त्या अभ्यासिकेतल्या मुलीला मी एवढंच सांगितलं: यादीतली एकच गोष्ट ठेव, ती रोजची असू दे, आणि एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांध. चुकली तर दुसऱ्या दिवशी कर, चौकटी पुन्हा पहिल्यापासून मांडू नकोस. तेल-न्हाणं त्या कागदावरून काढ, ते मैत्रिणीबरोबर रविवारी ठरव. आणि मूळ पेपर वाच. दोघींनी मिळून तो मोबाइलवर उघडला. पद्धतीचा भाग वाचताना ती एका ओळीवर थांबली आणि म्हणाली, “ताई, ३९ च?” मी म्हटलं, हा प्रश्न वहीत लिहून ठेव, कोर्सवर्कच्या सेमिनारला कामाला येईल.

मागच्या महिन्यात आत्याकडे गेले होते. संध्याकाळी ती ओट्यावर एकटी बसून केस विंचरत होती. केस आता खांद्यापर्यंत आलेत, बरेचसे पांढरे. फणीत निघालेले केस तिने गुंडाळून बाजूला ठेवले आणि मला म्हणाली, “बस इकडे. तुयं डोकं पायतो.”